वास्त्याचा वास

बांबूच्या कोवळ्या कोंबांना पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वास्ते म्हणतात. पावसाळ्यात त्यांची भाजी घरोघरी शिजते, आणि ते तोडणं हा सरकारदरबारी गुन्हा असतो. म्हणजे पावसाळाभर अख्खं गाव गुन्हेगार, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला एक नाकेदार.

सिंदेवाहीपुढच्या रानात नानाजी हे नाकेदार होते. जंगलाचा नाका सांभाळतो तो नाकेदार, पण लोक म्हणत, नाका लहान अन् नाक मोठं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते नानाजींना बांधावरूनच कळे. गडी वरोऱ्याकडचा, कपाशीच्या मुलखातला. बांबू माणसं खातात याचं त्यांना आधी नवल वाटलं, मग कायदा आठवला. माणूस तसा लबाड नव्हता. वर्दी कडक, पंचनाम्यात खाडाखोड नाही, आणि मनात एकच आस, की बढती मिळून फॉरेस्टर व्हायचं. तसा कागद चांद्याच्या मोठ्या कचेरीत गेलाही होता.

सत्तावन्न सालच्या श्रावणात त्यांनी गावातल्या बुधरीला पकडलं. तिचे टोपलीभर वास्ते आणि विळा जप्त केला. पंचनाम्यात लिहिलं, ‘विळा ताब्यात घेतला, वास्ते सडल्याने जागीच नष्ट केले.’ नष्ट केले हे काही अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या बायकोने, धुरपताने, ते तेल-तिखट घालून शिजवले आणि नानाजींनी दोन्ही वेळा ताटात घेऊन नष्ट केले. जन्मात पहिल्यांदा खाल्ले होते, चटकच लागली.

मग एका सकाळी नानाजी परसाकडून घाबरेघुबरे होऊन परतले. लघवीला असा उग्र वास, की ज्या नाकावर सगळी नोकरी उभी, तेच दाबून धरावं लागलं. दुखतखुपत काही नव्हतं. पण आत काहीतरी सडलंय असं त्यांनी धरलं आणि लघवीची बाटली भरून दवाखाना गाठला.

डॉक्टरची जागा रिकामी होती, म्हणून कंपाउंडर गुणवंतराव हेच डॉक्टर. त्यांची अडचण वेगळीच. मागल्या वर्षी हा मुलूख नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला. गाव जागचं हललं नाही, पण दवाखान्याची यादी बदलली. पूर्वी ‘लघवीचा विकार’ एवढं लिहिलं की भागायचं. आता प्रत्येक रोगाला नंबर आणि नंबरापुढे कारण. रोगी बरा नाही झाला तरी चालेल, पण रकाना रिकामा राहिला की वरून विचारणा येई.

गुणवंतरावांनी बाटली नाकाशी नेली, घाईने दूर केली आणि यादी वर-खाली पाहिली.

“जळजळ?”

“नाई.”

“ताप?”

“नाई. फक्त वास.”

“वासाले नंबर नाई, नाकेदारसाहेब. सरकारात वास हा रोगच नाई.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “वास्ते खाल्ले का? खाल्ले असन त मंग भ्याचं काम नाई. दोन दिसात जाते. ‘इतर’चा नंबर टाकतो अन् कारण लिवतो, वास्ते खाल्ले.”

नानाजींचा चेहरा उतरला. मागे बाकावरच्या रोग्यांत खुद्द बुधरी बसली होती, पायात काटा रुतला म्हणून. विळ्यासाठी ती रोज नाक्यावर येऊन बसे. बांधावर गवत माजलं होतं आणि घरात दुसरा विळा नव्हता.

सरकारी नोकर दवाखान्यात आला की एक चिठ्ठी त्याच्या साहेबाला जायची. साहेबांच्या एका हातात ‘वास्ते खाल्ले’, दुसऱ्या हातात ‘जागीच नष्ट केले’. फॉरेस्टर होणं राहिलं बाजूला, नानाजींना अंगावरची वर्दीच उतरताना दिसली.

“नाई खाल्ले,” ते म्हणाले. “दुसरं लिवा. काई बी.”

गुणवंतरावांनी यादी पुढे सरकवली. मधुमेह म्हणावा, तर जंगलात फिरायला नालायक ठरण्याची भीती. मूत्रपिंड म्हणावं, तर नागपूरला रवानगी. खाली येता येता नानाजींचं बोट परम्यावर थांबलं. परमा म्हणजे बाहेरख्याली माणसाचा रोग. साहेब हसतील, टोमणे मारतील. पण परम्याने कुणाची नोकरी गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

“हे लिवा.”

गुणवंतरावांनी तो नंबर दोनदा वाचला. मग त्यांनी टाक बुडवून नंबर लिहिला. त्या नंबराखाली बारीक अक्षरात नियम होता, ‘पत्नीसही बोलावून औषध द्यावे.’ नियमाचा माणूस तो. नाका आणि तिथलं नानाजींचं घर हाकेच्या अंतरावर होतं. त्यांनी गुपचूप चपराशाला रोगाचं नाव सांगून तिकडे पिटाळलं. नानाजींचं औषध घोटून होतं न होतं, तोच धुरपता दारात उभी.

“कोनाले परमा झाला म्हन्ते?” तिचा आवाज बाकाच्या टोकापर्यंत गेला.

गुणवंतरावांनी नानाजींकडे मान वळवली. नानाजी भिंतीकडे पाहू लागले. बोलावं तर नोकरी जाते, गप्प राहावं तर बायको जाते. ते गप्प राहिले. त्यांच्या सगळ्या आयुष्यात हीच एक गोष्ट मनाला लागते, की त्या घडीला बायकोपेक्षा वर्दी त्यांना जवळची वाटली.

धुरपताने नवऱ्याकडे पाहिलं. आता ही रडेल, माहेरची वाट धरेल, असं साऱ्यांना वाटलं. पण ती उसळली ती कंपाउंडरवर.

“माह्या नवऱ्यावर असा आळ घेता? हा मानूस घरी जेवते, घरी निजते. परमा आनाले जाईन कुठी? इतके दिस माह्या हातचे वास्ते खाऊन राह्यला, जप्तीची अख्खी टोपली यानं एकट्यानं खाल्ली! त्याचाच वास असन. लिवा तुमच्या कागदात!”

गुणवंतरावांनी समाधानाने परमा खोडला. कारणाचा रकाना भरला, तोही साक्षीदारांसमक्ष. नवऱ्याची अब्रू वाचवून धुरपता मोठ्या दिमाखात वळली, आणि नवऱ्याचं तोंड पाहून जागीच थबकली.

बुधरी लंगडत पुढे आली.

“भाऊ, माहा इळा?”

“घेऊन जाय,” नानाजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

ती दारापर्यंत गेली आणि धुरपताकडे वळली. “बाई, वास्ते आधी पान्यात भिजू द्या लागते, मंग वास येत नाई. पुढच्या डाव भाऊनं जप्त केले का मले बलावजा. मीच रांधून देईन.”