राखणदाराच्या बाटलीचा परवाना

गोवा घटक राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी म्हापशाला कॉलेजात जाऊ लागले होते. आमच्या घरातून त्याआधी कोणीच कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे आमच्या गावात, लाटंबार्शात, कुणाचंही सरकारी काम निघालं की आई मला पुढे करायची. मला सगळंच कळायचं असं नाही. पण अबकारीचे नियम मी नीट वाचले होते, कारण आमची स्वतःची काजूच्या फेणीची भट्टी होती.

हंगामात काजूचे बोंडू गोळा करायला दोडामार्गापलीकडून, महाराष्ट्रातून, एक मावशी यायच्या. सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं तर आपल्या गावच्या राखणदार देवाला फेणीची बाटली ठेवीन, असा त्यांचा नवस होता. सून सुखरूप सुटली. मावशींनी बाटली कपड्यांत गुंडाळून नेली आणि ती हद्दीवरच्या नाक्यावर पकडली गेली. नवस तसाच राहिला. त्यानंतर नातवाला साधा ताप आला तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

"यंदा कागद करून न्या," मी म्हटलं. राज्याबाहेर बाटली न्यायची तर परवाना लागतो. बाटली कुठली, नेणार कोण, कोणासाठी, हे सगळं त्यावर येतं. पलीकडचा, महाराष्ट्राचा कागद त्यांच्या मुलाने काढून ठेवला होता.

डिचोलीच्या अबकारी कचेरीत 'कोणासाठी' इथेच गाडी अडली.

"राखणदारासाठी," मावशी म्हणाल्या.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मावशे, हांगा घेणाऱ्याचं वय घालचें पडटा. देवाचं किती घालू?"

"तुज्या आज्यापेक्षा मोठो. घाल तसा."

रांगेत हसू पसरलं. मी हळूच म्हटलं, "मावशी, तुमचंच नाव घालूया."

"आणि देव काय म्हणात? हिना आपली म्हणान लिवल्यान आणि माका उष्टी दिल्यान!"

थोडं चाचरतच मी म्हटलं, "मग त्यालाच विचारा. इथेच गाऱ्हाणं घाला."

मावशींनी डोक्यावर पदर घेतला, आपल्या गावाच्या दिशेच्या खिडकीकडे वळल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, बाटली तुजीच आसा. वाटेवरचो नाको पार होवचो म्हणान फकत माजा नाव घालतंय. ता मानून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खी रांग म्हणाली. गाऱ्हाण्याला साथ द्यायचीच असते. कचेरी असली म्हणून काय झालं. कारकूनही म्हणाला, आणि मग त्याने पेन उचललं.

मी नाक्यापर्यंत सोबत गेले. शिपायाने दोन्ही कागद उलटसुलट पाहिले. "ही फेणी म्हातारी पिणार?"

"परवाना त्यांच्या नावाचा आहे," मी म्हटलं. माझा आवाज अजिबात कापला नाही.

त्याने बाटली परत दिली. मावशी घराकडे वळल्याच नाहीत. बाटली दोन्ही हातांत धरून त्या सरळ राखणदाराच्या वाटेला लागल्या.