अनुसयाची ताटली

ती भाकऱ्या थापत होती आणि मी गॅसवर सुके बोंबील भाजत होतो. घरीही भाजायचं काम माझंच. तिच्या हातून करपायचे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं साधं काम. पुण्यात, अकराव्या मजल्यावर, परक्याच्या फ्लॅटात.

पुणं बघायची हौस तिची. फ्लॅट मुलानं फोनवरून भाड्यानं घेतला, दोन दिवसांसाठी. हॉटेलात का नाही, तर आईला शुगर, बाहेरचं सोसत नाही. म्हणाला, "आईला रांधता येईल. घरासारखं ऱ्हावा."

घरासारखं. तिथंच फसलो.

आमचं गाव महाडच्या आत, नाते गावाच्या पुढं. आमच्याकडं नव्या जागेत चूल पेटली की पहिली भाकरी शेजारी जाते. अनुसया, माझी बायको, तिनं ताटलीत भाकरी ठेवली. वर दोन बोंबील, कांद्याची फोड. पदर डोक्यावर घेतला.

मी म्हटलं, "शहर हाय गो. ऱ्हाऊ दे."

"शहरातली मानसं जेवत नाय काय?" म्हणाली आणि समोरच्या दाराला गेली.

ताटली तिची स्वतःची, गावाहून आणलेली. भातकापणीच्या मजुरीतून महाडच्या बाजारात तिनं सहा घेतल्या होत्या. काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेतलं होतं. अनुसया. तिला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं बोटानं ओळखायची. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिनं आधी ताटल्या माळ्यावर टाकल्या, मग मला हाक मारली.

समोरच्या बाईनं दार उघडलं, ताटली दोन बोटांनी धरली, दार लावलं.

"घेतली, बघा," अनुसया हसत आत आली.

अर्ध्या तासात बेल वाजली. सोसायटीचा सेक्रेटरी. मागं वॉचमन.

"काय जाळलंत?"

"बोंबील, साहेब."

"नाव काय? पूर्ण सांगा."

सांगितलं.

"आडनाव?"

परत सांगितलं. तो एक पाऊल मागं सरला. वासानं सरला नव्हता. आडनावानं सरला.

त्यानं फ्लॅटच्या मालकाला फोन लावला आणि आम्हाला ऐकू जाईल असा धरला. मालक म्हणाला, "असले लोक येणार हे माहीत असतं तर दिलाच नसता."

मग सेक्रेटरीनं हुकूम सोडला. "खिडक्या लावून घ्या, वर वास जातोय. दार उघडायचं नाही. सकाळी सहाच्या आत निघायचं, मागच्या लिफ्टनं. पुढची लिफ्ट रहिवाशांची आहे."

मी हात जोडले. म्हणालो, "चुकलं, साहेब."

मी. दर मार्चला चवदार तळ्यावर जाणारा. पायऱ्यांवर उभं राहून घसा बसेपर्यंत घोषणा देणारा. तोच घसा. चुकलं, साहेब.

खिडक्या लावल्या. वास आत, आम्ही आत. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. खाली बाग होती, पोरं झोपाळ्यावर होती. अनुसया काचेला कपाळ लावून बघत राहिली. पुणं बघितलं ते एवढंच.

"आपण काय केलं, अवो?"

भाकऱ्या तशाच राहिल्या. वाळून कडक झाल्या. सतरंजी असती तर अंगाखाली घेतली असती, त्यांच्या गादीवर बसवेना. फरशीवर बसून राहिलो दोघं.

सकाळी मागच्या लिफ्टपाशी कचऱ्याचे पिंप होते. एकात वरच तिची ताटली. भाकरी तशीच, बोंबील तसेच. अख्खी ताटली टाकलेली. तिनं हात घातला.

मी तिचं मनगट धरून ओढलं. "चल गो. एक ताटली ती."

हे सेक्रेटरीनं केलं नाही. हे मी केलं.

घरी आल्यावर मी बोंबील भाजायला बसलो की ती उठायची आणि खिडक्या लावायची. आमच्या घराच्या. जिथं वास आला की शेजारी हसत विचारायचे, "आमाला हायत का रे?"

चार महिन्यांनी ती गेली. बीपी वाढलं, डोक्यात रक्त साकळलं. अपमानानं गेली असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. पण गेली ती खिडक्या लावून गेली.

तिच्या जलदान विधीच्या दिवशी सुनेनं तिची भांडी काढली. ताटल्या पाचच.

"बाबा, सहावी कुटं हाय?"

"पुरात गेली," मी म्हणालो. तिच्या फोटोसमोर. पुरातनं तिनंच वाचवलेली ताटली मी पुरात घालवली. सेक्रेटरीपुढं मान खाली घातली ते एकदा. तिचं मनगट ओढलं ते दुसऱ्यांदा. हे तिसऱ्यांदा. रडणारी माणसं भोवती होती, मला रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचातली एक ताटली पिशवीत घातली आणि महाड डेपोतनं पुण्याची एसटी धरली. त्या इमारतीच्या पुढच्या गेटवर गेलो. वॉचमन तोच.

"काम काय?"

"ताटली न्यायचीय."

"पार्सलवाले मागनं."

"मी पार्सलवाला नाय. वहीत लिही. ताटली."

त्यानं सेक्रेटरीला बोलावलं. मी पिशवीतली ताटली काढून दाखवली. "हिच्या जोडीची अकराव्या मजल्यावर समोरच्या बाईंना दिली होती. माझ्या बायकोनं."

तो हसला. "आजोबा, ती केव्हाच कचऱ्यात गेली."

"गेली नाय. टाकली. तसं म्हणा. अनुसयाची ताटली आम्ही कचऱ्यात टाकली, असं म्हणा. तिचं नाव घेऊन."

"वेड लागलंय का तुम्हाला? इथं उभं राहू नका. मागच्या बाजूला जा."

"मला पंच्याहत्तरी उलटली," मी म्हणालो. "एसटी फुकट हाय. मी रोज येऊ शकतो."

गेटातनं आत शिरलो. पुढच्या लिफ्टसमोर सोफा होता. त्याच्यावर बसलो. ताटली मांडीवर ठेवली, नाव सेक्रेटरीला वाचता येईल असं त्याच्या बाजूला फिरवून.