बॅकअपवाल्या ताई

कुणी ‘बॅकअप झाला’ म्हटलं की ताई तळहात पुढं करायच्या. “परत आणून दाखव.” फाइल उघडून दिसेपर्यंत हात तसाच. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, जरा आठवून बघा.

उस्मानपुऱ्यातलं आमचं ऑफिस रक्ततपासणीच्या लॅबांचे सर्व्हर सांभाळायचं. एकेका सर्व्हरवर जाऊन रुग्णांच्या रिपोर्टांच्या फाइलची जादा प्रत, म्हणजे बॅकअप, उतरवून घ्यायची, हे रोजचं काम ताईंचं. त्यामुळं त्यांना रजा नसे. चुलतभावाच्या हळदीतही त्या मांडवामागं लॅपटॉप घेऊन बसलेल्या. “नवरदेवाचा बी बॅकअप घेती का गं?” असं मावशीनं विचारलं, हे त्याच हसत सांगायच्या.

मी देवगाव रंगारीचा, घरातला पहिला पदवीधर. सर्व्हर म्हणजे काय, हे तिथंच पहिल्यांदा पाहिलं. ताईंनी न रागावता सगळं शिकवलं.

पैठणच्या कॉलेजात त्यांना शिकवायची जागा मिळत होती. घर तिथंच, आई एकटी. साहेब म्हणाले, “तुमच्याशिवाय बॅकअप चालवून दाखवा, त्याच दिवशी सोडतो.”

ताईंनी सर्व्हरचे गट पाडले, एक गट माझ्याकडं दिला. मग एका फटक्यात सगळ्यांच्या फाइली आपोआप गोळा करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली आणि साहेबांसमोर चालवली. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे काम फत्ते. “झालं की! जा पैठणला,” साहेब खूश.

ताईंनी फोल्डर उघडलं. आत एकच फाइल. प्रत्येक लॅबच्या फाइलचं नाव सारखंच, त्यामुळं एकीवर दुसरी बसत गेली आणि शेवटची तेवढी उरली. साहेबांच्या हे लक्षातही आलं नव्हतं.

मी हळूच म्हणालो, “ताई, नंतर करू की दुरुस्त.”

“अन् आजच एखादा सर्व्हर बंद पडला तर? तुझ्या आईचा रिपोर्ट असंल त्यात.” मग साहेबांकडं वळून, “सर, नाय झालं.”

दुरुस्ती लगेच झाली. प्रत्येक सर्व्हरच्या नावाचं वेगळं फोल्डर, बस. पण साहेबांचा विश्वास उडाला. “हिरवं दिसूनही खोटं निघतं, मग तुम्ही नसताना पकडणार कोण?” पैठणची जागा भरली गेली. वर, आता वेळ वाचतो म्हणून जालन्याचे सर्व्हरही ताईंच्याच गळ्यात पडले.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. साहेबांनी मलाही अडवलं, “तुझा गट कोण बघणार?”

ताई जागेवरून उठल्या नाहीत. माझे सर्व्हर त्यांनी एकेक करून आपल्या गटात घेतले, स्क्रिप्ट चालवली, प्रत्येक फोल्डर उघडून पाहिलं.

“सर, सोडा ह्याला.”

आणि पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाल्या, “जा रे. गाडी चुकंल तुझी.”