मामावर गेलेली नवरी

कुरडयांवर काळा रंग उडाला तो माझ्याच हातून. गच्चीवर जुन्या साडीवर बायकोनं घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. त्यांच्यापासून चांगला लांब बसून (असं मला वाटलं) मी बोटाएवढ्या बाहुल्यांवर स्प्रेच्या डब्यानं काळं अस्तर मारत होतो. बाहुल्यांना अस्तर बसलं. कुरडयांनाही बसलं.

बायको वर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ह्यांना तीळ कधी लावले?"

"वारा फिरला गं एकदम."

"वाऱ्याला डोळे नसतात. तुम्हाला तर चष्मासुद्धा आहे."

त्या कुरडया माझ्या भाचीच्या रुखवतात मांडायच्या होत्या. बायकोनं पुन्हा गहू भिजत घातले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाहुल्याही त्याच रुखवतासाठी होत्या. हा रंगवायचा नाद मला ह्या वयात लागला. माझ्या बरोबरीचे लोक गुडघ्याला तेल लावतात, मी मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघून खेळण्यातले बोटभर शिपाई रंगवतो. पहिला शिपाई कावीळ झाल्यासारखा निघाला, दुसरा गोवर आल्यासारखा. तिसऱ्याला मात्र डोळ्यात बुबुळ काढता आलं. ते मी घरी येईल त्याला भिंग देऊन दाखवलं. दूधवाल्यालासुद्धा.

मग बजाजनगरहून बहिणीचा फोन आला. "दादा, तू एवढं बारीक रंगवतो म्हणं. मग माझ्या पोरीच्या रुखवताला लग्नाचा देखावा कर की."

"किरकोळ," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

गुलमंडीतून प्लास्टरच्या कोऱ्या बाहुल्या आणल्या. नवरा, नवरी, मधे अंतरपाट धरलेले भटजी आणि नवरीच्या मागं उभा मामा. म्हणजे मीच. ह्यावेळी नवी पद्धत करून बघायची ठरवली. आधी सगळ्यांना काळं अस्तर, मग वरच्या बाजूनं पांढरा फवारा. उजेड जिथं पडेल तिथं पांढरं, सांदीकोपऱ्यात काळं, म्हणजे सावल्या आपोआप तयार. त्यावर पाण्यासारख्या पातळ रंगाचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरा फिका. व्हिडिओतला माणूस चेहऱ्यासाठी एक बाटली वापरायचा, तीच मी ऑनलाइन मागवली होती. बाटलीवर स्किन लिहिलेलं. कुणाची, हे मी विचारलं नाही.

नवरीवर मी जीव ओतला. एका केसाच्या ब्रशनं नथ काढली, मुंडावळ्या काढल्या. गालांवर थरावर थर चढवत गेलो आणि ती उजळत गेली. पद्धत इतकी जमत होती की थांबवेना. शेवटी मामा उरला. त्याचं पोट मात्र पॉलिश पेपरनं घासून कमी केलं, डोक्यावर भरपूर काळे केस दिले. चेहऱ्याला घाईघाईनं वाटीत उरलेला तपकिरी रंग फासला. मामाचा चेहरा कोण बघतंय?

देखावा खोक्यात कापूस घालून बजाजनगरला नेला. बायको स्कूटरवर मागं खोकं धरून बसली होती आणि खड्डा आला की म्हणत होती, "हळू, नवरी आहे हातात."

बहिणीनं झाकण काढलं. "अगं बाई! लई गोरी केली की रे दादा! नथ बघा वहिनी, नथ!"

तेवढ्यात भाची कामावरून आली. खांद्याची पर्स न काढताच खोक्यावर वाकली. मी भिंग पुढं केलं. तिनं घेतलं नाही.

"मामा, ही कोण?"

"तूच की. दुसरं कोण?"

"आणि तिच्या मागं हा?"

"तो मी."

तिनं दोघांचे चेहरे बघितले. "तुमचा रंग बरा सापडला तुम्हाला," म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.

"दमली असंल रे. तू नको मनावर घेऊ," बहीण म्हणाली. पण मला काय ते कळलं होतं, आणि कानाची पाळी गरम झाली होती.

ही पोरगी बारशापासून ऐकत आलीय, 'मामावर गेली.' नाकाडोळ्याबद्दल कुणी म्हणत नाही तसं. माझा रंग तव्याच्या मागच्या बाजूसारखा, आणि तो तिनं जसाच्या तसा उचललाय. पहिलं स्थळ बघायला आलं तेव्हा त्याच खोलीत मीही बसलो होतो. मुलाची आई म्हणाली, "मुलगी चांगलीच हाय, पण रंगानं जरा..." बहीण घाईनं म्हणाली, "मामावर गेलीय ओ ती." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, वातावरण हलकं व्हावं म्हणून. पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन समोर उभी होती. ते स्थळ जमलं नाही. नंतर ज्यानं तिला पसंत केलं त्यानं रंगाचा विषयसुद्धा काढला नाही. विषय काढला तो मीच, ब्रशनं.

नवरी परत घरी आणली. थर खरवडले असते तर नाकच गेलं असतं, म्हणून वरूनच नवे थर द्यायचे ठरवले. बाल्कनीत सकाळच्या उन्हात रंग कालवत बसलो. एक विटेसारखा झाला, एक बिनदुधाच्या चहासारखा. भाचीचा फोटो समोर ठेवला, तर प्रत्येक फोटोत फोटोवाल्यानं तिला आधीच उजळून ठेवलेलं! मग सुचलं की पोरगी मामावर गेलीय, तर नमुना माझ्याच अंगावर आहे. रंगाचे ठिपके मनगटावर लावून बघत गेलो. तपकिरीत थोडा तांबडा, किंचित पिवळा. शेवटी एक ठिपका असा वाळला की मनगटावर तो मलाच सापडेना. तोच रंग नवरीला दिला. खालचा फिका थर गालाच्या उंचवट्यावर जरासा डोकावत राहिला, आणि चेहऱ्यावर असं तेज आलं, जे त्या बाटलीनं आलं नव्हतं.

पुन्हा बजाजनगरला नेल्यावर भाचीनं ती बाहुली दोन बोटांत धरून फिरवून बघितली. "हां. आता ओळखू येते." मग मामाकडं बोट करून म्हणाली, "पण ओ मामा, तुमचं पोट कुठं गेलं?"

मी हसलो. मला वाटलं, मिटलं.

लग्नाच्या दिवशी बायकोच्या नव्या, बिनतिळाच्या कुरडयांशेजारी देखावा मांडला होता. फोटोसाठी नवरीला रुखवतापाशी उभं केलं, मलाही तिच्या बाजूला ओढलं. बायको शेजारीच कुरडया नीट करत होती. नवऱ्या मुलाची मावशी पुढं आली, बाहुली उचलली आणि गोड आवाजात म्हणाली, "सुरेख केलंय ओ. पण नवरीला अजून थोडं उजळ करायचं होतं की. एवढ्यासाठी कशाला हात आखडला?"

भाचीनं मावशीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

वाक्य तयार होतं. सोपं होतं, तिच्या बारशापासून पाठच होतं, फक्त ह्यावेळी मान वर करून म्हणायचं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "हॉलमधल्या लाइटमुळं तसं दिसतंय ताई. घरी बघाल तर उजळच आहे."

"व्हय का," मावशी म्हणाली, खूश झाली.

भाचीनं तिच्या हातातून बाहुली घेतली, जागेवर ठेवली, अंतरपाट सरळ केला आणि फोटोवाल्याकडं बघून हसली. पुढं मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा देखाव्यातल्यासारखाच मी तिच्या मागं उभा होतो. समोर तिची मान आणि तिच्या खांद्यावर माझा हात. दोन्हींचा रंग एकच. 'सावधान' झालं की लोक अक्षता टाकत होते. माझ्या दुसऱ्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटून बसल्या होत्या.

परत येताना बायको स्कूटरवर मागं बसली होती. नगर नाका आला. मीच म्हणालो, "रुखवताचं सगळ्यांनी कौतुक केलं, नाही?"

"केलं की," ती म्हणाली. "कुरडयांच्या वेळी वारा नडला, आज लाइट नडली. पोरगी मामावर गेलीय, एवढं म्हणायला तुमची जीभ काय अंतरपाटाच्या पलीकडं होती का?"