तार दिसली तेव्हा

नव्या सुपरहिरो सिनेमांची मला इतकी सवय झालीये की परवा दुपारी टीव्हीवर तसला एक जुना सिनेमा लागला आणि मी हसत सुटले. हिरो दोन इमारतींमधून उडत होता आणि त्याच्या पाठीची तार चक्क दिसत होती.

"मेली तारसुद्धा लपवता आली नाही!"

"गप गो!" बाबा खेकसले. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. "तार आहे म्हणजे माणूस खरा टांगलाय."

बाबांनी जन्मभर रत्नागिरीच्या बागांत उंच झाडांवर चढून हापूस उतरवला. वर चढलेल्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत खाली कोणी हसायचं-बोलायचं नाही, हा त्यांचा नियम.

मीही श्वास रोखून बसले. हिरो एकदाचा गच्चीवर उतरला. बाबांनी खुर्चीचा हात सोडला.

"हास आता."