खिडकीतून दिसणारा अड्डा

नव्वदच्या दशकात आम्ही नागोयात सासू-सासऱ्यांकडे राहायचो. नवरा जपानी, मी पुण्याची. सासरे निवृत्त झाले आणि रोज सकाळी पाचिंकोच्या दारात रांगेत उभे राहू लागले. पाचिंको म्हणजे यंत्रात लोखंडी गोळ्या सोडून खेळायचा जुगार. जिंकले की साबण, चॉकलेटं, धुण्याची पावडर आणायचे. त्या काळात मी साबण विकत घेतल्याचं आठवत नाही. तरी रिकाम्या हाताचे दिवसच जास्त. शेवटी सासूबाईंनी सांगितलं, "हे सुटलं नाही, तर मी ओसाकाला बहिणीकडे जाते." त्या बोलतात ते करतात.

त्या रविवारी सासऱ्यांनी व्हिडिओच्या दुकानातून काउबॉयचा एक स्वस्तातला सिनेमा आणला. जुगारी पत्ते सोडतो, नदीकाठी घर बांधून कोंबड्या पाळतो. सगळा खर्च कोंबड्यांवरच झाला असावा. दार आपटलं की तुरुंगाची भिंत हलायची, आणि एकच तपकिरी घोडा तिघांकडे होता. जुने सोबती येतात, हा पुन्हा पत्ते धरतो. मी इस्त्री करता करता बघत होते.

"मूर्ख आहे," सासरे म्हणाले.

"का हो बाबा? प्रयत्न तर करतोय बिचारा."

"घर कुठे बांधलंय बघ. खिडकीतून अड्डा दिसतो."

"सिनेमावाल्यांकडे सेटचा तेवढाच एक रस्ता असेल."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आपल्या खिडकीतून काय दिसतं तेही सांगा तिला."

आमच्या खिडकीतून पाचिंकोची गुलाबी पाटी दिसायची. सासऱ्यांनी टेप मागे फिरवली.

सोमवारी ते मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे भाजी लावायला जमिनीचे लहान तुकडे भाड्याने मिळत. एक घराजवळ होता, पण वाट पाचिंकोवरून. दुसरा दोन बस बदलून. कारकुनाने त्यांचं वय बघून जवळचा सुचवला.

"लांबचा द्या," सासरे म्हणाले. "सकाळची पहिली बस कधी असते?"

पाचिंको उघडायच्या आत ते बसमध्ये असायचे. संध्याकाळी सासूबाई दारातच त्यांचा कोट नाकाला लावायच्या. पाचिंकोतल्या सिगारेटच्या धुराचा वास नसला की कोट खुंटीला टांगायच्या. हिवाळा लागता लागता त्यांनी बहिणीला फोन केला.

"नाही, येत नाहीये. मुळे फार झालेत इथे. पाठवू का?"