सुभेदारांची टोपी

सुभेदारांची छाती बघितली की शर्टाच्या गुंड्यांची कीव यायची. आखातात, मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपचे ते कॅम्प बॉस, म्हणजे आम्हा कामगारांचे मुकादम. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण आम्हीच त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती. गाव साताऱ्याकडचं, मिशीही तिकडचीच. "मला कुणी वढून न्हेलं न्हाई. स्वतःच्या पायानं भरतीला गेलो," हे ते चहा पितानासुद्धा ताठ बसून सांगायचे.

फुजैराच्या बंदरावर भर उन्हाळ्यात तेलाच्या टाक्यांचं काम निघालं की जायला कुणी राजी नसे. सुभेदार हुकूम सोडत नसत. आपली जुनी लष्करी टोपी उलटी धरायचे, पहिली चिठ्ठी स्वतःच्या नावाची टाकायचे, मग आम्हा सगळ्यांच्या. मी स्टोअरकीपर, तर माझीसुद्धा! मॅनेजर केबिनच्या दारातून हसत बघायचा. सुभेदार म्हणायचे, "ज्याची चिठ्ठी टोपीत न्हाई, त्यानं दुसऱ्याची काढू नये."

यामागे त्यांच्या आज्याची गोष्ट होती. महायुद्धाच्या काळात पाटलाला वरून फौजेसाठी माणसं पुरवायला सांगितलं, तेव्हा त्यानं चावडीवर चिठ्ठ्या काढल्या. आज्याच्या धाकट्या भावाचं नाव निघालं. तो गेला तो आलाच नाही. मागाहून कळलं, पाटलानं आपल्या मुलाची चिठ्ठी टाकलीच नव्हती. "लढाईत मेला ह्याचं दुःख न्हाई," सुभेदार म्हणायचे, "फसवून न्हेला."

मग आमच्यात अबू करीम आला. सीरियाचा फिटर, चाळिशीचा. देशात युद्ध पेटलं, सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं आणि हा इकडे निघून आला. आमचे लोक त्याला तोंडावर 'भगोडा' म्हणत. मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसत नसे. बिचारा मान खाली घालून खुबूसची रोटी मोडायचा. सुभेदारांसारखा फौजी माणूस तर याला दारातही उभा करणार नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

एका दुपारी सुभेदार ताट घेऊन थेट त्याच्यासमोर बसले. "तुम्हारे यहाँ बड़े लोगों के लड़के जाते थे?"

"पैसा देता, खलास. नहीं जाता."

सुभेदार आमच्याकडे वळले. "ऐकलं? पाटलाची पोरं घरात आणि ह्यानं मरायचं? आजपासून ह्याला भगोडा म्हणणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलायचं."

त्याच उन्हाळ्यात टोपीतून सुभेदारांचंच नाव निघालं. साठीला टेकलेला माणूस. परत काढा, परत काढा, असा सगळ्यांनी गलका केला. तेवढ्यात मागून अबू करीम उभा राहिला. "हम जाएगा. आप बैठो."

सुभेदारांचे डोळे भरून आले. "नाव माझं निघालंय, मीच जाणार. पण बघा रे, न बोलावता उभा राहिला!" शेवटी दोघेही गेले. गाडी सुटताना अख्खं वर्कशॉप गेटवर उभं होतं, आणि मला आमच्या कॅम्पचा असा अभिमान कधीच वाटला नव्हता.

गेल्या वर्षी सुभेदार कायमचे गावी गेले. जाताना टोपी अबू करीमच्या हातात देऊन त्यांनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला.

यंदा पुन्हा फुजैराचं काम आलं. अबू करीमनं पहिली चिठ्ठी स्वतःची टाकली, मग आमच्या. मग टोपी घेऊन तो केबिनच्या दाराशी गेला.

"साहब, आपका नाम?"

मॅनेजर हसायचा थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं.